अक्काचा लोलक

९ फेब्रुवारी

अक्काला आज घरी आणलं. दुकानाच्या वरच्या मजल्यावरची मागची खोली तिला दिली, उजेड तिथेच बरा. खुर्चीसकट उचलून जिन्यावरून न्यावं लागलं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला शेजारचा सुतार. अर्ध्या जिन्यात दम लागला म्हणून थांबलो आणि तिला म्हणालो, "अक्का, लहानपणी तू मला कडेवर घेऊन हिंडलीस, ते वसूल करतेयस होय?" तिच्या तोंडाची डावी बाजू हसली. उजवीला हसायचं राहून गेलं.

उजवा हात, उजवा पाय — काही नाही. डावीकडचं सगळं शाबूत. बोलण्याचं मात्र अवघड झालंय. शब्द येतात, पण भलतेच. डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, त्यांचं कपाट कोणीतरी उलटंपालटं केलंय असं समजा. मागायला जातात एक, हाताला लागतं दुसरं. पण कळतं त्यांना. जोवर शब्दामागे अर्थ आहे तोवर घरीच ठेवा, घरासारखं औषध नाही. नुसतीच एका शब्दाची घोकंपट्टी सुरू झाली, आदळआपट सुरू झाली, तर मात्र मला सांगा. मग केंद्रात ठेवावं लागेल. घरच्यांना झेपत नाही ते."

मी म्हणालो, माझी बहीण आहे. अर्थ मी शोधीन.

हिने पलंग घातला, उशाशी स्टूल, स्टुलावर पाण्याचा पेला आणि अक्काचीच जुनी पितळी हातघंटी. शाळेत विज्ञान शिकवायची तेव्हा टेबलावर असायची ती. "वन्सं, काही लागलं की वाजवा, आम्ही आलोच." अक्काने लगेच उचलून वाजवली. वर्गावर वाजवायची तशी. आम्ही दोघंही गप्प उभे राहिलो!

१० फेब्रुवारी

घंटी सारखी. जिना चढउतार करून माझे गुडघे बोलायला लागलेत.

पाणी हवं होतं, म्हणाली "खिडकी". खिडकी लावून घ्यायची होती, म्हणाली "मंगळवार". हिचा गोंधळ उडतो. माझा नाही. शब्द चुकतो पण सूर चुकत नाही. कोरड्या घशाने खिडकी म्हटलं की ते पाणीच. मी हिला तसं म्हणालो तर म्हणते, "आमच्या सुराकडे कधी गेले नव्हते हे कान."

१४ फेब्रुवारी

कानांची बढाई मारायला आज गिऱ्हाईकही भेटलं. नाक्यावरचे वकीलसाहेब भिंतीवरचं घड्याळ घेऊन आले. म्हणे, "पेंडुलम व्यवस्थित हलतोय, तरी घड्याळ मागे पडतं." मी म्हटलं, "साहेब, तुमच्या तारखांसारखंच आहे ते. हलतं सगळं, सरकत नाही काही." हसले बिचारे. घड्याळ भिंतीला लावलं, पाठ करून उभा राहिलो आणि न बघताच सांगितलं — लंगडतंय. एक पाऊल लांब, एक आखूड. लोलक सरळ लोंबत नाही.

"लोलक की लंबक?" वकील. त्यांची सवयच ती, शब्दात पकडायची.

आमच्या धंद्यात लोलक. उस्तादांनी लोलक शिकवला, मी पदपथावर पेटी मांडून बसायचो तेव्हापासून लोलकच म्हणत आलो. हल्लीची पोरं पेंडुलम म्हणतात. अक्काला दोन्ही खपत नसे. दुकानात आली की टोकायची, "लंबक म्हण. पुस्तकात लंबक आहे." मी म्हणायचो, तुझ्या पुस्तकात असेल, माझ्या भिंतीवर लोलकच आहे. वाद मिटला नाही कधी. मिटावा असं दोघांनाही वाटत नव्हतं.

लोकांना वाटतं लोलक घड्याळ चालवतो. चालवते ती आतली स्प्रिंग, आणि तिला मोकळं सोडलं तर ती एका दमात सगळी उलगडून मोकळी होईल. लोलक तिला फक्त म्हणत राहतो, थांब — हं, आता. थांब — हं, आता. अख्ख्या घड्याळाचं शहाणपण त्या दोन शब्दांत.

१९ फेब्रुवारी

घंटी कमी झाली. काल एकदाच वाजली. आज नाहीच.

२० फेब्रुवारी

आजही शांत. ही म्हणाली, "रुळल्या वन्सं." मलाही तेच वाटतं. सकाळ-दुपार-संध्याकाळ आम्ही वर जातोच, खाणंपिणं, अंग पुसणं सगळं वेळच्या वेळी. मधे तिला काही लागत नाही म्हणजे बरंय की. शिट्टी वाजवत दुकान उघडलं. कितीतरी दिवसांनी.

२२ फेब्रुवारी

अंथरूण ओलं. दुपारभर तशीच पडून होती. हिने तोंडाने फारसं काही म्हटलं नाही, पण चादर ओढताना हात बोलत होते. शेवटी न राहवून म्हणाली, "वन्सं, घंटी उशाशी आहे ना? एकदा वाजवायची होती."

अक्का आमच्याकडे बघत राहिली. मग अगदी स्वच्छ, प्रत्येक अक्षर मोकळं करून म्हणाली, "लोलक."

ही माझ्याकडे बघते, मी हिच्याकडे. इतका नीट शब्द आजारपणानंतर पहिलाच.

२३ फेब्रुवारी

"लोलक." सकाळपासून तोच. खिडकी गेली, मंगळवार गेला, नुसता लोलक.

मला खरं सांगायचं तर आनंद झाला. इतक्या वर्षांनी माझा शब्द मान्य केला तिने! खाली जाऊन कपाटातला सगळ्यात देखणा लोलक काढला. जुना, जाड पितळेचा, ताटलीएवढ्या तबकडीचा. चकचकीत पुसला आणि तिच्या डाव्या हातात दिला. तिने तो पांघरुणावर टाकला. "लोलक."

हाच की गं अक्का.

मान हलवली. नाही. पुन्हा "लोलक", आता रागाने. बोट स्टुलाकडे, पेल्याकडे. मी पाणी दिलं. पाणी ढकललं.

२४ फेब्रुवारी

मला वाटलं, नुसता लोलक काय करायचाय, हलता हवा असेल. समोरच्या भिंतीवर घड्याळ लावलं, चालू केलं. ती बघत राहिली. मग डोळे मिटून घेतले. डोळ्यांच्या कडेने पाणी.

आवाज नकोय का? थांबवलं. चालू केलं. थांबवलं. ही दारात उभी राहून म्हणाली, "तुम्ही घड्याळजी आहात म्हणून त्यांना घड्याळच हवं असेल असं कशावरून?"

मग तुला काय वाटतं?

"लोलक म्हणजे कानातले. माझी आई म्हणायची. वन्संचे ते मोत्याचे लोलक होते ना, शाळेच्या निरोपाला घातलेले? बाईमाणसाला आठवणार नाही होय?"

हिचंही चूक नव्हतं. अक्काची ट्रंक उघडली, तळाशी होते. हिने हलक्या हाताने तिच्या कानात घातले, आरसा धरला. अक्काने आरशात पाहिलं. हिच्या गालावरून डावा हात फिरवला. मला वाटलं, जिंकली ही.

"लोलक," अक्का म्हणाली. दमून.

२७ फेब्रुवारी

डॉक्टरबाई येऊन गेल्या. मी सगळं सांगितलं — पितळेचा लोलक, मोत्याचे लोलक. त्या हसल्या. "अहो काका, मी पण याच भाषेतून शिकले. आम्हाला शाळेत लोलक म्हणजे ती त्रिकोणी काच! उजेड फोडून रंग दाखवते ती. आणि या विज्ञानाच्या बाई!"

कपाळावर हात मारून घेतला. एक शब्द आणि त्याची तीन घरं. पत्ता विचारायचा तरी कुठल्या दारात?

डॉक्टरबाईंना थांबवून अक्काच्या शाळेच्या प्रयोगशाळेतून काच मागून आणली. खिडकीशी धरली. भिंतीवर रंगांचा पट्टा उमटला, तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत. अक्काच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं, वर्गावर जाताना व्हायचं तसं. बोटाने एकेक रंग मोजला. आम्ही तिघं श्वास रोखून. डॉक्टरबाई माझ्या कानात म्हणाल्या, "सापडला."

काच तिने माझ्या तळहातावर परत ठेवली. विद्यार्थ्याला वस्तू परत करतात तशी, जपून. आणि म्हणाली, "लोलक."

डॉक्टरबाईंनी वहीत काही लिहिलं. मी विचारलं नाही.

१ मार्च

आज पेला फेकला. भिंतीवर फुटला. मी धावत वर गेलो तर अंथरूण पुन्हा ओलं आणि अक्का लालबुंद. मला बघताच तिने घंटी उचलली आणि माझ्यावर उगारली. तोंडाने "लोलक, लोलक", हात वर, सबंध अंग थरथरत. मी मनगट धरलं. अक्काचं मनगट मी धरलं! लहानपणी ती माझं धरायची, रस्ता ओलांडताना.

हिने घंटी काढून घेतली, टॉवेलात गुंडाळून कपाटात टाकली. "डोक्यात घालतील एखाद्याच्या." बरोबरच होतं तिचं. नाही तरी वाजवत नव्हती.

अक्का त्यानंतर गप्प. दिवसभर एक शब्द नाही. लोलकही नाही.

४ मार्च

डॉक्टरबाईंचं मत ऐकलं. "काका, वाईट वाटून घेऊ नका. सगळे अर्थ करून पाहिले आपण. आता तो शब्द नुसता आवाज उरलाय. आणि राग वाढतोय." टेकडीवरचं केंद्र चांगलं आहे म्हणाल्या. दिवसरात्र माणसं असतात.

मी म्हटलं बघतो.

६ मार्च

सकाळी ठरवलं, पाठवायचं नाही. दुपारी तिचं अंथरूण बदलताना हिची कंबर धरली, तेव्हा ठरवलं, पाठवायचं. संध्याकाळी अक्काने माझ्या हातून चार घास नीट खाल्ले, तर पुन्हा नाही.

ही म्हणाली, "तुमचा नुसता लंबक झालाय. इकडे एकदा, तिकडे एकदा."

मी म्हटलं, लंबक निदान वेळ तरी दाखवतो.

"तो दाखवत नाही काही. काटे दाखवतात. तुम्हीच सांगता ना गिऱ्हाइकांना?"

हिच्या तोंडात लंबक, अक्काचा शब्द. इतकी वर्षं नणंद-भावजय एकत्र असल्या की असं होतं.

९ मार्च

पाठवायचं ठरलं. मी अक्काजवळ बसून सांगितलं. पुष्कळ तयारी केली होती बोलायची. गिऱ्हाइकाला घड्याळ गळ्यात मारताना शब्द कसे भराभर येतात माझ्या तोंडाला. इथे एवढंच निघालं, "अक्का, तिथे चांगली माणसं आहेत." तिने तोंड भिंतीकडे केलं.

१० मार्च

सोडून आलो. त्याच खुर्चीवरून, त्याच जिन्याने. सुतार मागून म्हणाला, "सावकाश, शेट." या वेळी मी विनोद केला नाही.

केंद्र स्वच्छ आहे. लांब ओसरी, प्रत्येक पलंगाला दोरी, ओढली की बाहेर टण् होतं. एक ठेंगणी मावशी आली, पदर खोचलेला. "या मास्तरीणबाई." अक्काने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

१३ मार्च

खोलीत जावंसं वाटलं नाही.

१५ मार्च

आज ही म्हणाली पलंग काढा, धूळ बसतेय. पलंग सोडवला. डोक्याकडच्या पायाशी, भिंतीच्या सांदीत काहीतरी चमकलं. पितळेचा गोळा, बोराएवढा, वरच्या टोकाला झिजून तुटलेली कडी. हातात घेतला. घड्याळाचा म्हणावा तर माझ्या दुकानात असा भाग नाही. हिला दाखवला. तिने बघितला आणि काही न बोलता कपाटाकडे गेली. टॉवेल उलगडला. घंटी हलवली.

आवाज नाही.

उलटी केली. आत रिकामा आकडा.

घंटीचा लोलक. घंटीच्या आत लोंबतो, घंटीला आवाज देतो, तो लोलक. चौथं घर. आम्ही तिन्ही दारं ठोठावली, आणि हे दार तिच्या उशाशी होतं.

आम्ही दोघं जमिनीवरच बसलो. खाली घड्याळांचे ठोके पडले, घंटा वाजली ती दुकानाच्या दाराची. कुणी उठलं नाही.

१६ मार्च

मन खात राहतं. एकेक आठवतं आणि एकेक जागच्या जागी बसतं.

शांत शांत म्हणून मी शिट्टी वाजवत होतो ते दिवस. ती घंटी हलवत असणार. पुन्हा पुन्हा. कोणी येईना. अंथरुणात पडल्या पडल्या, ओलं होईपर्यंत. मग आम्ही वर जाऊन विचारणार, घंटी का नाही वाजवली? आणि ती बिचारी सगळं बळ एकवटून, उलट्यापालट्या कपाटातून नेमका बरोबर शब्द काढून देणार. आम्ही तो शब्द घेणार आणि पितळेची ताटली आणून देणार.

बोट स्टुलाकडे केलं होतं तिने. मी पाणी दिलं.

आणि उगारली तेव्हा! उगारलेली घंटी वाजते. वाजायलाच हवी. ती मला मारत नव्हती, हलवून दाखवत होती — ऐक, ऐक, आवाज नाही. न बघता घड्याळाचं लंगडणं ओळखणारा मी, त्या वेळी तिच्या हाताकडे बघत होतो. ऐकत नव्हतो.

सगळ्यात जास्त हे टोचतं की अक्काने आयुष्यात कधी घड्याळातल्याला लोलक म्हटलं नाही. लंबक म्हण, लंबक म्हण, म्हणून माझा जीव खाल्ला. मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं. तिच्या तोंडून माझा शब्द आला असं वाटून मी इतका सुखावलो की तो तिचाच असेल हे डोक्यात आलंच नाही.

१७ मार्च

डॉक्टरबाईंना फोन केला. गोळा सापडल्याचं सांगितलं. मग म्हणाल्या, "मीही तीच काच धरून बसले, काका." आणि मग, "म्हणजे त्यांना अर्थ आहे. सगळा अर्थ आहे. घरी आणू शकता."

ही कालपासून खोली घासतेय. म्हणते, "वन्संना मी बोलले. घंटी वाजवायची होती असं बोलले. मला आधी माफी मागू दे, तुम्ही नंतर." मी म्हटलं रांग लावू.

घंटीला नवी कडी घातली. उस्तादांनी शिकवलेलं पहिलं काम हेच होतं, कडी वळवणं.

१९ मार्च

केंद्रात गेलो. हिच्या अंगात ताप असल्याने ही आली नाही, निरोप पाठवला. अक्का खिडकीशी खुर्चीत, केस विंचरलेले. घंटी तिच्या मांडीवर ठेवली आणि सांगितलं. सगळं सांगितलं. हिचंही सांगितलं. शेवटी म्हणालो, "अक्का, तू बरोबर बोलत होतीस, मीच बहिरा."

तिने घंटी उलटी करून आत पाहिलं. मग वाजवली. जोरात.

बाहेरून ती ठेंगणी मावशी हात पुसत आली. "आले, आले. काय हवं?" अक्काने काही नाही अशी मान हलवली. मावशी गेली. अक्काने पुन्हा वाजवली. मावशी पुन्हा आली, कमरेवर हात. "काय मास्तरीणबाई, हजेरी घेताय का माझी?"

अक्का हसली. डावी बाजू पूर्ण, आणि उजवीही जराशी. आवाज करून हसली. मी इतक्या दिवसांत ऐकलं नव्हतं.

निघताना म्हणालो, "उद्या गाडी घेऊन येतो. घरी जाऊ." तिने माझ्याकडे बघून माझा हात दाबला. होकारच तो. सुरावरून कळतं मला.

२० मार्च

गाडी घेऊन गेलो. हिने अंगात ताप असताना नवं अंथरूण घातलं होतं. अक्कासमोर वाकून म्हणालो, चल.

अक्का म्हणाली, "नको." शब्द बरोबर, सूरही बरोबर; आणि घंटी वाजवून तिने दाराकडे बघितलं, मावशी आलीच.

मावशीने टाळी वाजवली. "अगं बाई, नवा शब्द आला की!" आणि डॉक्टरांना सांगायला धावत गेली.